सेमाफोर इंडिकेटरचा आर्म उठत नाही? कॉइलला हात लावण्याआधी हा क्रम पाळा

सेमाफोर इंडिकेटर म्हणजे जुन्या गाड्यांत वळायची दिशा दाखवायला दारामागच्या खांबातून बाहेर येणारा पिवळा आर्म. तो बंद पडला की बहुतेक जण तीन गोष्टी करतात. आधी नखाने आर्म बाहेर ओढून बघतात, मग फटीतून भरपूर तेल सोडतात, आणि तरी नाही चालला तर आर्म उचलणारी कॉइल गेली असं ठरवून रिवाइंडिंगला (नवी तार गुंडाळायला) देऊन टाकतात. पहिल्या दोन गोष्टींनी चांगलं युनिट खराब होतं आणि तिसरीची बहुतेक वेळा गरजच नसते. मी उघडलेल्या युनिटांत खरोखर जळालेली कॉइल फार थोड्या वेळा निघाली, बाकी सगळीकडे स्विचमधला कार्बन, सुकलेलं तेल, गंज, आर्ममधली तुटलेली वायर नाहीतर खराब अर्थिंग. म्हणून आधी करंट, मग साफसफाई, मग आर्म आणि बल्ब, आणि सगळ्यात शेवटी कॉइलचं रिवाइंडिंग. हा क्रम उलटा केला की वेळ जातो, पैसा जातो आणि कधी कधी न मिळणारा पार्टही जातो.

खाली लिहिलंय ते मॉरिस मायनरसारख्या गाड्यांमधल्या लुकास कंपनीच्या युनिटला आणि जुन्या फोक्सवॅगन बीटलमधल्या बॉश कंपनीच्या युनिटला दोन्हीला लागू पडतं. स्क्रूच्या जागा आणि आतल्या पट्ट्या थोड्या वेगळ्या असतील पण तत्त्व एकच आहे.

आधी आतली रचना डोक्यात बसवा

खांबात एक पत्र्याची चौकट असते, तिच्या वरच्या टोकाला आर्मचा पिव्होट, म्हणजे ज्याभोवती आर्म फिरतो ती जागा. आर्म बंद असताना खाली लोंबतो, चालू केला की आडवा होतो. उचलायचं काम सोलेनॉइड करतं, म्हणजे तांब्याच्या तारेची कॉइल आणि तिच्यात सरकणारा लोखंडी प्लंजर. करंट आला की प्लंजर ओढला जातो आणि एका छोट्या लिंकने आर्म वर ढकलला जातो. करंट गेला की आर्म स्वतःच्या वजनाने खाली येतो. हे वजनाचं लक्षात ठेवा, पुढे टेबलावर टेस्ट करताना लागेल.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे लॉक. वाऱ्याने आर्म आपोआप उघडू नये म्हणून आत एक कॅच असतो. प्लंजर हलायला लागला की आधी कॅच सुटतो आणि मगच आर्म उठतो. म्हणजे बाहेरून आर्म ओढला तर तुम्ही थेट लॉकशी कुस्ती करताय, कॅचची पिन वाकते किंवा आर्मचा पातळ पत्रा पिव्होटजवळ चिरतो. आर्म उघडायची बरोबर पद्धत एकच, स्विच चालू करायचा, आर्म वर आला की त्याला खालून बोटाने आधार द्यायचा आणि तसाच धरून स्विच बंद करायचा. आता आर्म उघडा आहे आणि कॉइलही गरम होत नाहीये.

सावधान: ही कॉइल सतत चालू राहण्यासाठी बनवलेली नाही, वळण घेईपर्यंतचे काही सेकंद एवढंच तिचं काम. टेस्टिंग करताना एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त चालू ठेवू नका आणि मधे थंड होऊ द्या. "चालतोय का बघतो" म्हणून पाच मिनिटं चालू ठेवून चांगली कॉइल जाळलेली मी पाहिली आहे.

टप्पा १: सामान जमवा

मल्टीमीटर, टेस्ट लॅम्प, ५ अँपियर फ्यूज लावलेली एक जोडवायर, बारीक टोकाचे स्क्रू ड्रायव्हर, बारीक पॉलिश पेपर (१००० किंवा त्याहून बारीक), आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुना टूथब्रश, कापसाच्या काड्या, शिलाई मशीनचं तेल, सोल्डरिंग आयर्न, अगदी मऊ बारीक मल्टीस्ट्रँड वायर (सिलिकॉन इन्सुलेशनची असेल तर उत्तम), मजबूत दोरा, मास्किंग टेप आणि पेन. टेबलावर टेस्ट करायला गाडीचीच चांगली चार्ज असलेली बॅटरी घ्या. मोबाईल चार्जरसारखा छोटा अडॅप्टर वापरू नका, तो एवढा करंट देऊच शकत नाही, आर्म अर्धवट उठतो आणि मग चांगल्या युनिटवर उगाच शंका येते.

गाडी ६ व्होल्टची की १२ ची ते आधी बघून घ्या, आणि युनिट किती व्होल्टचं आहे तेही. या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. सेमाफोर असलेली बीटल मुळात ६ व्होल्टची, मॉरिस मायनर १२ ची, पण मधल्या वर्षांत कोणी गाडी ६ वरून १२ वर नेली असेल आणि इंडिकेटर तसेच ठेवले असतील तर कॉइलवर दुप्पट व्होल्टेज म्हणजे चौपट पॉवर पडते. ती आधी खूप जोरात फटकन उठते, सगळ्यांना वाटतं वा काय मस्त चालतंय, आणि थोड्या दिवसांनी जळते.

टप्पा २: लक्षण ओळखा, स्क्रू अजून उघडायचा नाही

स्विच चालू करा आणि कान देऊन ऐका, डोळ्यांनी बघा.

आवाज नाही, लाइट नाही: फ्यूज, स्विच, वायर किंवा अर्थिंग. युनिटचा दोष असायची शक्यता कमी.

लाइट लागतो (फटीतून उजेड दिसतो) पण आर्म जागचा हलत नाही: प्लंजर किंवा कॅच अडकलाय, व्होल्टेज कमी पडतंय, किंवा कॉइल ओपन (तार कुठेतरी तुटलेली) आहे.

आर्म अर्धा उठतो किंवा इंजिन जोरात फिरत असतानाच पूर्ण उठतो: जवळजवळ नक्की व्होल्टेज ड्रॉप (व्होल्टेज वाटेतच कमी होणं), सोबत थोडी घाण. यात कॉइलचा संबंध नसतो.

आर्म उठतो, लाइट नाही: बल्ब, आर्ममधली वायर, पिव्होटचं अर्थिंग.

उठतो पण खाली येत नाही: चिकट तेल, वाकलेला आर्म, चौकटीला घासणं.

खड्ड्यात किंवा वेगात आपोआप थोडा बाहेर येतो: कॅच झिजलाय किंवा घाणीमुळे पूर्ण बसत नाहीये.

डावा आणि उजवा दोन्ही एकदम मरगळलेले असतील तर दोन्ही युनिट एकाच वेळी बिघडली असं धरू नका, दोघांच्या आधी जे सामाईक आहे ते बघा, म्हणजे बॅटरी, फ्यूज आणि स्विच.

टप्पा ३: करंटचा रस्ता तपासा (इथे घाई केली की पुढचं सगळं वाया)

सगळ्यात जास्त होणारी चूक सांगतो. लोक युनिटची वायर काढतात, तिच्या टोकाला मीटर लावतात, १२ व्होल्ट दिसतात आणि म्हणतात करंट तर पूर्ण येतोय. तसं नसतं. मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही, त्यामुळे कितीही कार्बन धरलेला स्विच असला तरी मीटरवर पूर्ण व्होल्टेज दिसणारच. मोजायचं ते वायर जोडलेली असताना, स्विच चालू असताना, कॉइल करंट ओढत असताना.

१. मीटरचं एक टोक युनिटच्या टर्मिनलला, दुसरं युनिटच्या पत्र्याच्या बॉडीला. स्विच चालू करा, आकडा वाचा, लगेच बंद करा. त्याच पद्धतीने बॅटरीच्या दोन पोस्टवर मोजा. माझा ठोकताळा असा, १२ व्होल्टच्या गाडीत फरक अर्ध्या व्होल्टच्या आत हवा, ६ व्होल्टच्या गाडीत पाव व्होल्टच्या आसपास.

२. फरक जास्त असेल तर तो कुठल्या बाजूला जातोय ते शोधा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या अर्थच्या पोस्टवर (टर्मिनलच्या क्लँपवर लावू नका, थेट पोस्टवर) आणि दुसरं युनिटच्या बॉडीवर, स्विच चालू. इथे जवळजवळ शून्य यायला हवं. ०.२ च्या वर आकडा आला तर अर्थिंग खराब. खांबाच्या आतला गंज, रंगकामाच्या वेळी स्क्रूखाली गेलेला पेंट ही नेहमीची कारणं.

३. अर्थिंग बरोबर असेल तर स्विचच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या टर्मिनलमध्ये मीटर लावा, स्विच चालू. इथेही शून्याजवळ हवं. नसेल तर स्विचचे कॉन्टॅक्ट साफ करायचे आहेत.

४. मग फ्यूज होल्डरच्या दोन्ही बाजू. काचेचा फ्यूज ज्या पितळी क्लिपमध्ये बसतो त्या क्लिप हिरव्या पडलेल्या असतात, पॉलिश पेपरने चकचकीत करून थोड्या आत दाबून घ्या.

एवढा खटाटोप का, तर हिशोब बघा. समजा कॉइल ३ अँपियर ओढतेय आणि स्विचमध्ये अर्ध्या ओहमचा कार्बन आहे, दीड व्होल्ट तिथेच गेले. सोलेनॉइडची ओढ करंटच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते, त्यामुळे १२ व्होल्टच्या गाडीत ओढ साधारण पाव कमी झाली, आणि ६ व्होल्टच्या गाडीत तेच दीड व्होल्ट गेले तर ओढ जवळपास निम्म्यावर आली. आर्म अर्ध्यात का थांबतो याचं उत्तर हे आहे. युनिटमध्ये तेल ओतून हे बरं होणार नाही.

तपासा: वायर्स सुधारल्यावर आर्म पूर्ण उठतोय का? उठत असेल आणि नीट खाली येत असेल तर युनिट काढायची गरज नाही, फक्त टप्पा ६ मध्ये दिलेलं तेलपाणी करा.

टप्पा ४: युनिट बाहेर काढा

पहिले मोबाईलवर फोटो काढा. डावं आणि उजवं युनिट सारखं दिसतं पण आर्मची बाजू वेगळी असते, टेप लावून "डावं" "उजवं" लिहून ठेवा.

आता स्क्रू. काही गाड्यांत एखादा स्क्रू आर्मच्या मागे लपलेला असतो आणि आर्म उघडल्यावरच दिसतो, म्हणून वर सांगितलेल्या पद्धतीने आर्म उघडून घ्या आणि मधे कागदी पुठ्ठ्याची गुंडाळी अडकवून ठेवा. आर्म उठतच नसेल तर युनिटच्या टर्मिनलला बॅटरीवरून फ्यूजवाल्या वायरने थेट करंट देऊन बघा. तरी नाही, तर खांबाचं आतलं ट्रिम काढा आणि मागून प्लंजर बोटाने हळू हलवून कॅच मोकळा करा. बाहेरून स्क्रू ड्रायव्हर घालून आर्म उचकटायचा नाही म्हणजे नाही.

स्क्रू गंजले असतील तर आदल्या दिवशी गंज सोडवणारं द्रव कापसाच्या काडीने फक्त स्क्रूच्या डोक्याभोवती लावा, स्प्रे मारू नका, तो कॉइलमध्ये आणि आर्मच्या प्लास्टिकवर जातो.

वायर सोडण्याआधी बॅटरी काढा. आणि आता दोरा. वायरच्या टोकाला एक हातभर दोरा घट्ट बांधा, दुसरं टोक बाहेर टेपने चिकटवा, मगच वायर युनिटपासून वेगळी करा. ही वायर एकदा का खांबात आत पडली की ती परत वर काढायला अर्धा दिवस जातो आणि कधी कधी छताचं अस्तर सोडवावं लागतं. मला हे एकदा करावं लागलंय, तेव्हापासून दोरा आधी.

खांब रिकामा झाला की आत टॉर्च मारा. या फटीतून पावसाचं पाणी आत जातंच, आणि ते बाहेर पडायला खाली वाट असते. ती वाट पालापाचोळा आणि मातीने बुजलेली असेल तर मोकळी करा. फट सिलिकॉनने बंद करायचा मोह टाळा, पाणी आत अडकून खांब आतून सडतो.

टप्पा ५: कॉइल मोजा, पण बल्ब काढून

आर्मच्या खालच्या टोकाला एक बारीक स्क्रू असतो, तो काढला की आर्मचं पत्र्याचं कव्हर सरकून निघतं आणि आत दोन्ही टोकांना टोपी असलेला छोटा लांबट बल्ब (फेस्टून) दिसतो. तो काढून ठेवा आणि मगच कॉइलचा रेझिस्टन्स मोजा.

हे का तर बल्ब आणि कॉइल बऱ्याच युनिटमध्ये एकाच टर्मिनलवर पॅरलल (शेजारी-शेजारी, त्याच दोन टोकांत जोडलेले) असतात. १२ व्होल्ट ३ वॉटचा बल्ब जळताना ४८ ओहमचा असतो पण थंड असताना त्याचा फिलामेंट साधारण एक दशांश, म्हणजे चार-पाच ओहम दाखवतो. कॉइलचा आकडाही असाच काही ओहमांत असतो, त्यामुळे कॉइल पूर्ण तुटलेली असली तरी मीटर "ठीक" सांगतं. बल्ब काढल्याशिवाय घेतलेल्या आकड्याला काही अर्थ नाही.

मीटरच्या दोन वायर एकमेकींना टेकवून जो आकडा येतो तो वजा करा. मग डावी आणि उजवी कॉइल दोन्ही मोजून तुलना करा, दोन्ही जवळपास सारख्या हव्यात. एक दुसरीपेक्षा बरीच कमी दाखवत असेल तर आतले वेढे शॉर्ट (एकमेकांना टेकलेले) आहेत. काहीच दाखवत नसेल तर ओपन.

ओपन दिसली म्हणून लगेच रिवाइंडिंगकडे धावू नका. तार बहुतेक वेळा आत मधेच तुटत नाही, ती सुरुवातीच्या किंवा शेवटच्या टोकाला, जिथे टर्मिनलला सोल्डर केलेली असते तिथे तुटते किंवा हिरवी पडून खाल्ली जाते. भिंगातून बघा. वरच्या कापडाची किंवा कागदाची पट्टी कोमट करून हळूच उलगडा, एक वेढा सोडवा, इनॅमल (तारेवरचा इन्सुलेशनचा थर) हलकं खरवडा आणि परत सोल्डर करा. अनेक "गेलेल्या" कॉइल एवढ्यावर जिवंत होतात.

टप्पा ६: साफसफाई, आणि तेल कुठे नाही लावायचं

प्लंजर काढता येत असेल तर काढा. रिव्हेट केलेला पिव्होट मात्र ड्रिल करून उघडू नका, परत तसा बसवणं घरच्या घरी जमत नाही.

प्लंजरवर तपकिरी चिकट थर असतो, ते जुन्या कोणीतरी सोडलेलं तेल सुकून झालेलं असतं. अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसा, गंजाचे डाग बारीक पॉलिश पेपरने लांबीच्या दिशेने घासा, गोल फिरवून नाही, आणि फक्त डाग जाईपर्यंतच. जास्त घासून प्लंजर बारीक केला तर नळीतली फट वाढते आणि ओढ कमी होते. कॉइलच्या आतली नळी कापसाच्या काडीने, काडी स्वच्छ निघेपर्यंत. प्लंजरच्या टोकाला फायबरचा किंवा पितळेचा छोटा वॉशर असेल तर तो कचरा समजून टाकू नका, तो नसेल तर लोखंड लोखंडाला चिकटून राहतं आणि आर्म खाली यायला कुरकुरतो.

सावधान: अख्खं युनिट पेट्रोलमध्ये, रॉकेलमध्ये किंवा थिनरमध्ये बुडवायचं नाही. कॉइलचं वार्निश आणि कागद फुगतो, आणि आर्मचं जुनं प्लास्टिक पांढरं पडतं किंवा विरघळतं. कार्ब्युरेटर क्लीनरचंही तेच.

प्लंजर आणि त्याची नळी कोरडीच ठेवायची. पाहिजे तर पेन्सिलच्या शिशाची बारीक पूड बोटाने चोळा, तेल अजिबात नाही. तेल फक्त दोन ठिकाणी, कॅचची पिन आणि आर्मचा पिव्होट. लुकासच्या आर्ममध्ये कव्हर काढल्यावर वरच्या टोकाला तेल धरून ठेवणारा छोटा पॅड दिसतो, त्याला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. कॅचच्या पिनला बारीक ब्रशने एक थेंब. थेंब म्हणजे खरंच थेंब, जास्तीचं पुसून घ्या.

कॅचची कड भिंगातून बघा. गोल झिजली असेल तर बारीक कानशीने एक-दोन हलके हात मारून कड पुन्हा चौकोनी करता येते, पण त्यापलीकडे जाऊ नका.

आर्म वाकलेला असेल तर सपाट लाकडावर ठेवून अंगठ्याने दाबत सरळ करा. पत्र्याचा आर्म ऐकतो. ओतीव धातूचा भाग मात्र वाकत नाही, तुटतो, त्याला सरळ करायचा प्रयत्न करू नका.

टप्पा ७: आर्ममधली वायर आणि बल्ब

सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवतो कारण सगळ्यात जास्त परत येणारा दोष हा आहे. बल्बला करंट नेणारी बारीक वायर पिव्होटजवळून जाते आणि प्रत्येक वळणाला ती वाकते. वर्षानुवर्षं वाकून तिचं इन्सुलेशन कडक होऊन गळतं, मग ती बॉडीला लागते आणि फ्यूज उडतो, किंवा आतल्या तारा तुटतात आणि लाइट आर्मच्या ठरावीक कोनातच लागतो.

नवीन वायर घालताना तीन चुका होतात. पहिली, घरच्या वायरिंगमधली कडक वायर घालणं. ती स्प्रिंगसारखं काम करते आणि आर्मला वरही येऊ देत नाही आणि खालीही. दुसरी, लांबी जुन्या वायरएवढी न ठेवणं. आखूड असेल तर आर्म पूर्ण उठत नाही, लांब असेल तर तिचा फास चौकटीत अडकतो. जुनी वायर फेकण्याआधी मोजा आणि तिचा वेढा कुठून कसा गेलाय त्याचा फोटो घ्या. तिसरी आणि न दिसणारी, सोल्डर जास्त लावणं. सोल्डर वायरच्या तारांमध्ये वर चढतं, तो भाग काडीसारखा ताठ होतो आणि ताठ आणि मऊ भाग जिथे मिळतात तिथेच महिन्याभरात तुटतं. आयर्न पटकन टेकवा, पटकन काढा, आणि जोड पिव्होटपासून लांब ठेवा म्हणजे वाकणाऱ्या भागात सोल्डर येणारच नाही.

बल्बचं अर्थिंग आर्मच्या धातूतून आणि पिव्होटमधून होतं. लाइट मंद किंवा लुकलुकता असेल तर बल्बच्या टोप्या, त्या धरणाऱ्या पट्ट्या आणि पिव्होटची जागा साफ करा. आर्मला रंग मारायचा असेल तर या जागांवर टेप लावूनच मारा.

बल्ब ३ वॉटचाच. जास्त उजेडासाठी ५ किंवा १० वॉटचा घातला की प्लास्टिक आतून मऊ होतं, फुगतं, आणि फुगलेला आर्म फटीत अडकतो. प्लास्टिक धुवायला कोमट साबणाचं पाणी आणि मऊ कापड, बास. तडा जोडायला सुपर ग्लू वापरू नका, त्याच्या वाफेने प्लास्टिकवर पांढरट धुकं बसतं.

एलईडी घालायचा असेल तर तीन गोष्टी. जाडी बघा, बरेचसे एलईडी बल्ब जाड असतात आणि कव्हर बसत नाही. रंग पिवळा-नारिंगी घ्या, पिवळ्या प्लास्टिकमागे पांढरा एलईडी फिकट दिसतो. आणि पोलॅरिटी, कारण जुन्या ब्रिटिश गाड्यांत बऱ्याचदा पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेला असतो. कॉइलला दिशेने फरक पडत नाही पण एलईडीला पडतो. शिवाय स्विच बंद होताना कॉइल उलटा व्होल्टेजचा झटका मारते आणि पॅरलल असलेला एलईडी त्यात मरतो. यावर उपाय म्हणजे कॉइलच्या दोन टोकांत १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा पार्ट), त्यावरच्या पट्टीची बाजू जिकडे पॉझिटिव्ह तिकडे. म्हणजे पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत पट्टी बॉडीकडे येईल. उलटा लावला तर फ्यूज उडेल, म्हणून आधी फ्यूजवाल्या वायरवर टेस्ट करा.

आणि एक, लाइट लुकलुकवायचा म्हणून फ्लॅशर रिले कॉइलच्या लाइनमध्ये घालू नका. आर्मच वर-खाली आपटायला लागतो आणि दोन दिवसांत पिव्होट सैल होतो. लुकलुकणारा हवा असेल तर आतच फ्लॅशिंग सर्किट असलेला एलईडी घ्या.

कव्हर परत बसवताना खालून वर सरकवा, त्याच्या बाजूच्या पट्ट्या पिव्होटखालच्या खाचांत गेल्या पाहिजेत. नंतर स्क्रू. खाचांत न जाता स्क्रू आवळला तर कव्हर वाऱ्याने उडून जातं आणि तसं दुसरं मिळणं कठीण.

टप्पा ८: टेबलावर टेस्ट, युनिट उभं धरून

मऊ लाकडाच्या तुकड्यांमध्ये युनिट व्हाइसला हलकं धरा, गाडीत असतं तसंच उभं. आडवं ठेवून टेस्ट केलं तर आर्म परत येणारच नाही कारण तो वजनाने येतो, आणि मग लोक विनाकारण स्प्रिंग शोधत बसतात.

फ्यूजवाल्या वायरने करंट द्या. आर्म एका झटक्यात आडवा झाला पाहिजे, लाइट लागला पाहिजे, करंट काढला की स्वतःहून खाली येऊन कॅचमध्ये बसल्याचा बारीक "टक" आवाज आला पाहिजे. असं २०-३० वेळा करा, दर वेळी दोन-तीन सेकंद, मधे विश्रांती. कॉइलला हात लावून बघा, कोमट ठीक, चटका बसला तर थांबा आणि व्होल्टेज परत तपासा.

बंद असताना आर्मला बोटाने हलकं बाहेर ढकला. लॉक बसलं असेल तर तो थोडासुद्धा बाहेर येणार नाही.

टप्पा ९: रिवाइंडिंग, खरंच लागलं तरच

दोन्ही टोकं तपासूनही कॉइल ओपन असेल किंवा वेढे शॉर्ट असतील तर मग इलाज नाही. वाइंडिंगवाल्याला देताना फक्त "१२ व्होल्टची करून द्या" म्हणू नका. जुनी तार सोडवताना वेढे मोजायला सांगा आणि तारेची जाडी मायक्रोमीटरने, इनॅमल काढून, दोन-तीन ठिकाणी मोजायला सांगा. तीच जाडी, तेवढेच वेढे. जाड तार आणि कमी वेढे झाले तर करंट वाढतो आणि जुना स्विच जळतो, बारीक तार झाली तर ओढ कमी पडते. जाडी वाढून कॉइल फुगली तर चौकटीत बसतच नाही, हेही आधी सांगून ठेवा. परत आल्यावर रेझिस्टन्स दुसऱ्या बाजूच्या चांगल्या कॉइलशी जुळवून बघा आणि मगच बसवा.

टप्पा १०: परत बसवणं

दोऱ्याने वायर वर ओढा, जुनं टोक हिरवं असेल तर स्वच्छ तांबं दिसेपर्यंत कापा आणि नवीन थिंबल (वायरच्या टोकाला बसवायचं धातूचं टर्मिनल) लावा. कापलेल्या वायरला स्लीव्ह घाला. स्क्रू ज्या पत्र्याला टेकतात तिथला पेंट आणि गंज खरवडून चकाकी आणा, हेच तुमचं अर्थिंग आहे. तरी खात्री नसेल तर युनिटच्या बॉडीपासून वेगळी अर्थ वायर काढून आत एखाद्या चांगल्या बोल्टला द्या, बाहेरून दिसत नाही आणि डोकेदुखी कायमची जाते.

स्क्रू आधी सगळे सैल लावा, आर्म उघड-बंद करून फटीच्या मधोमध येतोय का बघा, दोन्ही बाजूंना सारखी जागा हवी. एका बाजूला घासत असेल तर स्क्रूखाली पातळ वॉशर घालून युनिट सरकवा, आर्म वाकवून जुळवू नका. मग आवळा, पण बेताने, जास्त आवळलं की चौकट पिळते आणि टेबलावर मस्त चालणारा आर्म गाडीत अडकतो. हे इतक्यांदा होतं की आवळल्यावर आर्म जड झाला तर पहिले स्क्रू पाव फेरा सैल करून बघा.

बॅटरी जोडा आणि टप्पा ३ मधली पहिली मोजणी परत करा, स्विच चालू असताना. नंतर इंजिन बंद ठेवून हेडलाइट लावा आणि तेव्हाही आर्म पूर्ण उठतो का बघा, कारण सगळ्यात कमी व्होल्टेज तेव्हाच असतं. दार दोन-चार वेळा जोरात लावून बघा, आर्म सुटून बाहेर आला तर कॅच नीट बसत नाहीये, युनिट परत काढावं लागेल.

पहिले काही दिवस सोबत हाताने इशारा द्याच, मागच्या गाडीवाल्याची नजर या आर्मकडे जातेच असं नाही. वळण झालं की स्विच बंद केला का ते बघायची सवय लावा. गाडी धुताना फटीवर पाण्याचा जोरदार फवारा मारू नका, आणि धुतल्यावर दोन्ही आर्म चार-पाच वेळा उघड-बंद करा म्हणजे आतलं पाणी झटकलं जाईल. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तरी दर पंधरा दिवसांनी एवढं करा. तेलाचा तो एक थेंब सहा महिन्यांनी, आधीचा पुसून मगच नवीन.